खाडा

पहाटे चारला आमच्या शाळेमागच्या तळावर चुली पेटतात. ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की चार-पाच महिने आमचे गाव या धुरानेच जागे होते. अंधारात भाकऱ्या थापायच्या, फडक्यात बांधायच्या आणि फडाकडे निघायचे. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. जोडीतला एक जण जरी बसला, तरी कोयता थांबला असे धरून मुकादम वहीत खाडा मांडतो. आमच्या तळावर तेव्हा एका खाड्याला पाचशे रुपये कापले जात.

2018 च्या हंगामात बीडकडून आलेली एक बाई तळावर होती. तिचा मुलगा माझ्या वर्गात बसायचा. दसऱ्याच्या सुमारास गावी तिची थुंकी तपासली, क्षय निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. उपचार सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते. तिचे वजन 38 किलो होते. महिनाभराच्या गोळ्या पिठाच्या डब्यात घालून ती ट्रॅक्टरमध्ये बसली. उचल घेतलेली होती, मागे राहणे शक्यच नव्हते.

गोळ्या संपत आल्या तेव्हा मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. केंद्र नऊला उघडते, फड पाचला. म्हणजे रांगेत उभे राहिल्याबरोबर त्या दिवसाचा खाडा पडला. केसपेपर काढला, दीड तासाने नंबर आला आणि उत्तर मिळाले, “तुमचं नाव तिकडच्या तालुक्यात आहे. तिकडून कागद आणा.” तिकडचा तालुका दोनशे किलोमीटरवर. ती काही बोलली नाही. पदराने तोंड झाकून बाजूला सरकली, मागच्या माणसाला जागा करून दिली. ते सरकणे मला अजून दिसते.

1959 साली मद्रासच्या क्षयरोग केंद्रातल्या अभ्यासाने दाखवून दिले होते की घरी राहून औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि घरातल्या माणसांना त्याने जास्तीची लागणही होत नाही. ते रोगीही गरीब वस्तीतले, दाटीवाटीच्या खोल्यांतले होते. लाखो माणसे त्या ज्ञानाने वाचली. पण तेव्हापासून सगळी व्यवस्था घराच्या पत्त्यावर चालते, आणि ऊसतोड्याच्या पाचटाच्या झोपडीला, कोपीला, पत्ता नसतो. फड संपला की कोपी मोडून पुढच्या गावाला न्यायची.

चार हेलपाटे घातल्यावर गोळ्या मिळाल्या. त्यानंतर आठ दिवसांनी मुलगा म्हणाला, आईने गोळ्या बंद केल्यात. संध्याकाळी तळावर गेलो. ती आधी काही सांगेना. मग नवरा पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, “गुरुजी, लघवी लाल व्हायली. रगत तर नसंल?” रिफॅम्पिसिन नावाच्या औषधाने लघवीला तांबूस रंग येतो, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. हे सांगायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट तिला गावातही कुणी दिले नव्हते आणि इथेही नाही. दीड महिना ती ते भय एकटीने सोसत होती. शेवटी धीर सुटला आणि चार दिवस गोळी चुकली.

रोग्याच्या कार्डावर हेच चार दिवस चार खाडे म्हणून दिसतात. असाच महिना गेला असता, तर ‘औषध अर्धवट सोडले’ असा शेरा आला असता. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, हे खरेच आहे. मग त्या काळी दीड-दोन वर्षांचा उपचार आणि इंजेक्शनांनी कान जाण्याची भीती. म्हणून खाडा मोजलाच पाहिजे. पण तो का पडला, हे फारसे कुणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. गोळी घ्यायला गेले की मुकादमाच्या वहीत खाडा, फडावर गेले की कार्डावर खाडा. तिने कुठला निवडायचा?

क्षयाच्या रोग्याला पोषणासाठी सरकारकडून पैसे मिळतात. तेव्हा महिन्याला पाचशे मिळत, नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले. ही वाढ हवीच होती. अंगावर मांस नसेल, तर नुसत्या गोळीवर हा रोग हटवणे जड जाते. तिच्या बाबतीत मात्र महिन्याचे पाचशे एका खाड्यात गेले, आणि तेही खात्यावर जमा होण्याआधीच.

नंतर उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला मी सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सात वाजता, ड्यूटी संपल्यावर, ती स्वतःच्या स्कूटीवरून तळावर आली. चुलीपाशी उकिडवी बसली. पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढली, पण हातात दिली नाहीत.

“जेवलीस का गं?”

“नाही ताई. भाकर तव्यावर हाय.”

“मग होऊ दे. मी थांबते.”