दप्तरातील पूर्वज

थोरामोठ्यांची चरित्रे लिहिण्याची चाल आपल्यात जुनी आहे. परंतु ज्याने ना किल्ला जिंकला ना ग्रंथ रचला, अशा आपल्याच एखाद्या खापरपणजोबांचा माग काढणारा मनुष्य अलीकडे जागोजाग भेटू लागला आहे. तो तहसील कचेरीत जुने फेरफार पाहतो, जन्ममृत्यूचे कोतवाल बुक चाळतो, मोडी वाचणारा गाठतो आणि वर्तमानपत्रांच्या जीर्ण फायली उलगडतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर या दप्तरांकडे घरोघरचे लक्ष वळले. हा उद्योग स्तुत्यच होय. तथापि त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो मनुष्य स्वतःविषयी एक ओळही लिहून गेला नाही, त्याचे चरित्र इतरांनी लिहिलेल्या कागदांवरून ठरविण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे?

दप्तर कोणी कौतुकाने ठेवीत नाही. मामलेदारास सारा हवा असतो, सावकारास व्याज, फौजदारास आरोपी. सामान्य मनुष्य कागदावर येतो तो ज्या दिवशी त्याच्याकडे कोणाचे काही मागणे निघते त्या दिवशी. मधल्या चाळीस पेरण्या, शेजाऱ्यास दिलेला बैल, लेकीच्या सासरी केलेल्या खेपा यांची नोंद होत नाही. स्त्री तर फेरफारात बहुधा वारस म्हणून, म्हणजे नवऱ्याच्या मरणानंतरच, प्रकट होते.

२०२४ साली अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्याचाच दाखला घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो लवकरच श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळावेत, आणि सावकाराने मुकाट्याने दिले तर त्याच्या अंगास सहसा हात लावू नये, असा प्रकार दिसून आला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून नऊशेंहून अधिक लोक पकडले गेले. त्या रोख्यांतील मजकूर कुळास वाचता येत नसे. खाली नांगराची निशाणी करून तो मोकळा होई, अथवा अडके. पुढे १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने असे दस्त गावच्या रजिस्ट्रारसमक्ष लिहिले जावेत असे ठरले. अक्षरशत्रू मनुष्याविषयीचा कागद बिनदिक्कत खरा मानता येत नाही, हे सरकारासही तेव्हा पटले म्हणावयाचे.

म्हणजे जे कागद आज आपण आशेने शोधतो, तसलेच कागद आपल्या पूर्वजांनी जाळले! आता त्या आरोपींत एखाद्यास आपल्या खापरपणजोबांचे नाव सापडले, तर त्याने लाजावे की मिरवावे? आणि त्याच गावच्या सावकाराच्या वंशजाने काय करावे? त्याच्या पूर्वजाने वाईट साली बियाणेही दिले असेल आणि दामदुपटीने शेतही गिळले असेल. आमच्या मते लाज व अभिमान या दोहोंनाही एवढा पुरावा अपुरा आहे. साक्षीदाराची करतात तशी कागदाची उलटतपासणी करावी: हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्यास तो वाचता येत होता काय?

वर्तमानपत्रांसही हाच न्याय लावावा. १८४२ साली नगरास निघालेला 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचा. १९१० साली मुकुंदराव पाटलांनी काढलेला व पुढे तरवडीसारख्या खेड्यातून चालविलेला 'दीनमित्र' सत्यशोधकांचा. एकाच गावाकडे दोघे निरनिराळ्या दृष्टीने पाहत. दोन्ही वाचणारास गाव अधिक दिसेल.

मग शोध सोडूनच द्यावा काय, असे कोणी विचारील. तसे आम्हांस वाटत नाही. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हा मनुष्य लोकसंख्येच्या आकड्यात बुडालेला आहे. त्यातून त्याचे नाव वर काढणे हे वंशजाचे कर्तव्यच होय. मात्र जे सापडले ते जसेच्या तसे लिहावे, गुन्हा असला तर गुन्हाही लिहावा, आणि दोन नोंदींमधील वीस वर्षांच्या जागी आपल्या पदरचे सद्गुण भरू नयेत. ती जागा कोरी ठेवावी. त्या वीस वर्षांत तो आपले आयुष्य जगत होता. कचेरीस त्याची गरज पडली नाही, एवढेच.