जाळीत सुकलेली शाई

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऐन वैशाखात पारा 45 अंशांकडे झुकत असता, उन्हाळी शिबिराचे दुरंगी भित्तिपत्रक स्क्रीनवर छापण्याची जोखीम मी पत्करली, तेव्हा ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढणे हे किरकोळ काम, असाच माझा समज होता. दहाव्या प्रतीलाच शाई जाळीत सुकली. निळ्यावरचा तांबडा केसभर सरकून अक्षरे दुहेरी दिसू लागली. शाईपुरता दोष उन्हाचा. कागद खुणेबरहुकूम टेकविण्याची तसदी मात्र मीच घेतली नव्हती. राजा रविवर्म्याच्या 1894 सालच्या शिळाछापखान्यातही रंगागणिक निराळी शिळा, आणि जुळणीची हीच चिंता! दुसऱ्या दिवशी जाळी धुऊन पहाटेच बसलो. तीस प्रतींपैकी चारच बिघडल्या.