श्रवणाची राखण

“गेलेल्या मानसाचा आवाज डब्यात भरून ठेवनं, ह्याले भक्ती नाही म्हनत भाऊ. मोह म्हनतेत.”

नेरच्या माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बाकावर टेकत एका वारकरी दादाजींनी हे सुनावलं, तेव्हा मी एका जुन्या कॅसेटची गळून पडलेली गादी चिमट्यानं जागेवर बसवत होतो. दादाजींचा जन्म टाळ-मृदंगात गेलेला. असा माणूस मोह म्हणतो तेव्हा ते बोलणं कानाआड करता येत नाही. त्यांना उत्तर द्यायचं तर जरा लांबून यावं लागेल.

कॅसेट शिंपीकाम करणाऱ्या एका काकांची. काका गात नसत, कीर्तन करत नसत, कुठल्या मंडळाचे अध्यक्ष-सचिव नव्हते. ऐकणं हीच त्यांची उपासना. आसपासच्या गावात सप्ताह बसला, कार्तिकात काकडा सुरू झाला, की मशीनवर कापड टाकायचं, टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवायचा आणि मिळेल त्या गाडीनं निघायचं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तर ठरलेलंच. काका गेल्यावर काकूंनी दोन पत्र्याच्या पेट्या दुकानात आणून ठेवल्या. “पाहा बापू, वाजते का त्यातलं काही.” प्रत्येक कॅसेटवर काकांचं बारीक अक्षर. तारीख कुठंच नाही, तिथी आहे. त्याखाली गाव, आणि कधी कधी “तुरी निघाल्या” किंवा “पाऊस, मंडपात दहाच जण” अशी नोंद. बुवांचं नाव मात्र पुष्कळ ठिकाणी नाहीच. काकांना ते लिहावंसं वाटलं नसावं, कारण ऐकणाऱ्या साऱ्यांना ते माहीतच होतं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या घरातली पत्र्याची पेटी भट्टीच होते. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावणारी. सारा मंडप त्या एवढ्याशा पट्टीवरच्या लोहचूर्णात चुंबकाच्या रूपानं बसलेला असतो. उष्णतेनं फीत वाकते, दमट हवेत बुरशी धरते. वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका थराचा ठसा शेजारच्या थरावर उमटतो. अशा कॅसेटमध्ये बुवांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचा पुढचा शब्द पुसट, लांबून आल्यासारखा ऐकू येतो. त्यामागं चुंबकाखेरीज काही नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी विठ्ठलाचं नाव असं म्हणण्याआधीच ऐकू आलं, तेव्हा मी मशीन बंद करून थोडा वेळ बसलो होतो.

एका काकड्याची बाजू मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. सुरुवातीला लाऊडस्पीकरच्या यंत्राची एकसारखी गुणगुण आहे, आपल्या विजेची, सेकंदाला ५० कंपनांची. मध्येच लाईन जाते. गुणगुण एका क्षणात तुटते, बुवांचा आवाज एकदम लांब जातो, आणि तोवर मागे असलेली माणसं पुढे येतात. कुणीही थांबत नाही. अंधारात साठ-सत्तर गळे चाल उचलून धरतात. काकांचा टेप सेलवर चाललेला, म्हणून हे सगळं उतरलं. पण सेलही संपत आलेले. सेल उतरला की भरताना फीत हळू चालते, आणि आज नेहमीच्या गतीनं वाजवली की सूर चढत जातो. काळी एकमध्ये सुरू झालेला काकडा शेवटी काळी दोनच्या घरात पोचतो, जणू सगळा मंडप घाईला आला आहे. त्या मंदिरात तेव्हाचीच बाजाची पेटी अजून आहे. मी जाऊन तिचा षड्ज मोबाइलवर भरून आणला आणि त्यावरून गती उतरवत आणली. ही दुरुस्ती करताना मन कचरलं नाही. माणसं ज्या सुरात गात होती, त्याच सुरात त्यांना परत बसवणं एवढंच त्यात होतं.

मन कचरलं ते टाळांपाशी. काका टाळकऱ्यांत बसायचे आणि स्वतःही टाळ धरायचे, त्यामुळे माइकच्या सगळ्यांत जवळ त्यांचाच टाळ. काही जागी तो इतका जोरात येतो की बुवांचं चरण त्याखाली दबतं. वर जुन्या फितीची सततची खरखर. आता संगणकावर सोय आहे. कुणी बोलत नाही असा क्षणभराचा तुकडा दाखवला की सॉफ्टवेअर खरखर ओळखतं आणि सगळीकडून वजा करतं. मी करून पाहिलं. खरखर गेली, बुवांचे शब्द स्वच्छ झाले, पण टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे झाले. टाळाचा झणत्कार आणि फितीची खरखर ध्वनीच्या एकाच उंच पट्ट्यात राहतात. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. खरखर जितकी उपसावी तितका टाळ मरत जातो.

इथं दादाजींचा आक्षेप माझ्यासाठी खरा झाला. शब्द नाशवंत की नित्य, यावर आपल्या शास्त्रात जुना वाद आहे. नैयायिक म्हणतो, शब्द केला जातो म्हणून तो नाशवंत, घडवलेल्या घटासारखा. मीमांसक म्हणतो, शब्द नित्यच आहे, कंठातून तो फक्त प्रकट होतो. मीमांसकाचं खरं मानलं तर काकांनी एवढी धावपळ करायचं कारण नव्हतं. नाम कुठं जात नाही, उद्या दुसरा कंठ ते प्रकट करील. दादाजींचं म्हणणं मुळात हेच आहे. काकडा आजही होतो, मग जुना कशाला जपायचा? हा युक्तिवाद मला नामापुरता मान्य आहे. पण त्या रात्री लाईन गेल्यावर जे झालं ते नित्य नव्हतं. ते त्या माणसांनी केलं, एकदाच केलं. तिथं नैयायिक बरोबर आहे. जे केलं जातं ते नष्ट होतं, आणि नष्ट होतं म्हणूनच त्याची राखण करावी लागते.

ही राखण आमच्या मुलखाला नवी नाही. अमरावतीच्या पुढे, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, म्हाइंभटांनी तिथं स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. म्हाइंभट मोठे पंडित, स्वतःच्या प्रज्ञेनं ग्रंथ रचू शकले असते. त्यांनी ते केलं नाही. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारलं, आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्यापर्यंत जाऊन, स्वामी काय बोलले आणि कुठं बोलले, हे त्यांच्या तोंडून घेतलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. त्यात फक्त स्वामी नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या बाया आहेत, चुकणारे शिष्य आहेत, गावं आहेत, जेवणखाण आहे. पुढे मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली. तेव्हा हिराईसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि वेगवेगळे पाठ झाले. पंथानं त्यांतला एक कायम करून बाकीचे पुसले नाहीत. इतरांना हे वेगळं आठवतं, अशी नोंद ठेवली. सातशे वर्षांपूर्वीची ही शिस्त माझ्या दुकानातल्या संगणकापेक्षा मला जास्त शिकवते.

या राखणीपुढे अडचण आणतात ते गाडगेबाबा. बाबांनी कुणाला शिष्य केलं नाही, पायाला हात लावू दिला नाही, स्वतःसाठी काही साठवलं नाही. अशा माणसाचा आवाज जपणं त्यांच्याच शिकवणीविरुद्ध नाही का? त्यांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झालं, आणि ते ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर २० डिसेंबरला बाबा गेले. ते मुद्रण ऐकताना आमच्या भागातल्या माणसाला आधी काय भेटत असेल तर आपली बोली. छापताना पुस्तकांनी ती नीटनेटकी केली. फितीवर ती शेतातून आल्यासारखी आहे. आणि बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जबाब. ते विचारणार, लोक उत्तर देणार, त्या उत्तराला धरून बाबा पुढे जाणार. उद्या कुणी बाबांचा आवाज शुद्ध करायच्या नादात समोरच्या लोकांचे आवाज खरवडून काढले, तर बाबांच्या वाक्यांना टेकायला जागा उरणार नाही. एकट्या बाबांची मूर्ती होईल, आणि बाबांना नको होतं ते नेमकं तेच.

म्हणून माझं दादाजींना उत्तर असं. मोह आहे, पण तो जपण्यात नाही. बुवांचा तेवढा आवाज हवा, सुबक हवा, खोकला नको, लेकरू नको, शेजारच्याचा टाळ नको, या इच्छेत तो आहे. नऊ भक्तींत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. आपण दुसरीच्या तसबिरी लावतो आणि पहिलीला सतरंजीवर बसवतो. काकांच्या कॅसेटमध्ये ही पहिली भक्ती ऐकू येते: चरण आवडलं की त्यांचा टाळ किंचित जोरात पडतो, डोळा लागला की मागे पडतो, मग दचकून गाठतो. तो टाळ मी काढला असता तर फितींवर जे एकमेव काकांचं होतं तेच गेलं असतं.

दादाजींना हे पटलं असं मी म्हणणार नाही. “नाम घ्या, बाकी राहू द्या,” एवढं बोलून ते उठले. त्यांच्या वाटेनं तेही बरोबर आहेत. ज्याच्या मुखी नाम अखंड आहे त्याला फितीची गरज नसेल. मला आहे, आणि ज्या घरांतले ते साठ-सत्तर गळे होते त्या घरांनाही आहे.

आता काम असं चालतं. फीत स्पिरिटनं पुसलेल्या हेडवरून आधी एकदा जशी आहे तशी उतरवायची. हेडचा स्क्रू प्रत्येक कॅसेटला वेगळा जुळवावा लागतो, कारण काकांचा टेपरेकॉर्डर थोडा तिरपा भरायचा. नोंद ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये. या मूळ प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही, तिची एक नक्कल दुकानात आणि एक काकूंकडे. दुसऱ्या प्रतीत गती सुधारायची, विजेची गुणगुण कमी करायची, खरखर टाळ सहन करील तितकीच उतरवायची. सोबत कागद: कुठं काय बदललं, कुठं काहीच केलं नाही. कॅसेटची बाजू पालटताना काही चरणं गेली आहेत. तिथं दोन्ही टोकं जोडून अखंड भासवायचं नाही, कोरी जागा ठेवायची. मग पेनड्राइव्ह त्या त्या गावच्या भजनी मंडळाकडे जातो, कारण आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं तिथंच आहेत.

परवा दोन गावांतून एकाच कॅसेटवर हक्क आला. लेबल पुसलेलं, काकांचं अक्षर उडालेलं. एका गावचे म्हणतात मृदंग आमच्या आजोबांचा, दुसऱ्या गावचे म्हणतात चालच आमची, नीट ऐका. दोन्हीकडची म्हातारी माणसं ठाम आहेत, दोघांचीही कारणं चांगली आहेत. मी कागदावर दोन्ही गावांची नावं लिहिली, कोण काय म्हणालं ते खाली लिहिलं, आणि तो पेनड्राइव्ह दोघांनाही दिला.