धूर दिसतो, अग्नी नसतो: डिझेल इंजिनाचे निदान आणि अनुमानाचे प्रामाण्य

धुरावरून अग्नीचे अनुमान हे भारतीय तर्कशास्त्राचे ठरलेले उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी हा कधीही न चुकणारा संबंध, म्हणजे व्याप्ती, आधीपासून ठाऊक असतो, आणि त्या बळावर न दिसणाऱ्या अग्नीचे ज्ञान होते. नांदेड–लातूर रस्त्यावरच्या लोहा, अहमदपूर, चाकूर अशा गावांतील गॅरेजांत हेच उदाहरण थंडीच्या दिवसांत उलटे होऊन समोर येते: पौषातल्या पहाटे जुनी डिझेल जीप कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर मात्र निघत राहतो. धूर आहे आणि अग्नी नाही, तर मग व्याप्ती मोडली काय, आणि मोडली नसेल तर मिस्त्री त्या धुरावरून जो दोष सांगतो त्याला ज्ञान म्हणावे की केवळ अंदाज, याचा विचार नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांच्या, चौकटीत करता येतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. महिंद्राच्या प्यूजो आराखड्याच्या एक्सडीपी इंजिनाच्या जीपा किंवा पहिल्या पिढीतील टाटा सुमो यांसारख्या गाड्यांत हवा वीस पटींहून अधिक दाबली जाते, तरीही थंड धातू ती उष्णता शोषून घेत असल्याने ज्वलनकक्षात हीटर प्लग बसवलेले असतात. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन हळू फिरते आणि उष्णतेला निसटायला वेळ मिळतो; रिंगा झिजल्या असतील तर हवाच निसटते, ज्याला कारागीर ‘कॉम्प्रेशन उतरणे’ म्हणतात; हीटर जळालेले असतील तर कक्ष गार राहतो. तिन्ही प्रसंगी डिझेल आत उडते, न पेटता वाफेच्या रूपाने बाहेर येते आणि थंड हवेत पांढरे दिसते.

म्हणूनच नैयायिक येथे व्याप्ती मोडली असे म्हणणार नाही. धुके किंवा वाफ पाहून तिला धूर समजणे हा त्याच्या दृष्टीने हेतूचाच, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान केले तिचाच, दोष आहे. जो हेतू पक्षावर, म्हणजे ज्याच्याविषयी अनुमान चालले आहे त्या वस्तूवर, मुळात नसतोच, त्याला ‘असिद्ध’ म्हणतात. पांढरा धूर हा धूरच नव्हे. मात्र तो काय आहे हे एकदा ओळखले की तोच दुसऱ्या साध्याचा, म्हणजे सिद्ध करायच्या दुसऱ्या गोष्टीचा, खरा हेतू ठरतो: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पंप आणि नोझल काम करीत आहेत, उष्णता तेवढी कमी पडते आहे. याउलट सेल्फ मारताना काहीच बाहेर येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही, बहुधा फिल्टर तुंबला आहे किंवा लाइनीने एअर घेतली आहे, असे अनुमान करता येते.

यापुढची अडचण अधिक अवघड आहे. हिवाळ्यात लातूर भागात पहाटे पारा १०–१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८–३० अंशांवर जातो. पहाटे अडलेली जीप ओढून गॅरेजात आणली जाते, पंप खोलला जातो, दुपारी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, आणि दोष पंपात होता असे ठरते. पंप खोलणे आणि गाडी चालू होणे यांच्यात दिसणाऱ्या अशा संबंधाला जे मागून आधार देते आणि ज्याच्याकडे लक्ष गेलेले नसते त्याला न्यायशास्त्र ‘उपाधी’ म्हणते. शास्त्रात याचेही उदाहरण अग्नीचेच आहे: जिथे अग्नी तिथे धूर हे म्हणणे फसते, कारण धुराला ओले इंधन लागते. येथे उपाधी आहे दुपारचे ऊन. दुसऱ्या पहाटे जीप पुन्हा अडते, आणि पंपाचा खर्च मालकाच्या अंगावर पडलेला असतो.

फळ मिळाले म्हणजे ज्ञान खरे, हा यामागचा भरवसा जुना आहे. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात ज्ञानाचे खरेपण प्रवृत्तीच्या साफल्यावरून ओळखावे असे विधान आरंभीच येते: पाणी समजून जाणाऱ्याची तहान भागली तर ते ज्ञान खरे. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात या भरवशालाच धक्का दिला. बंद मुठीत कवड्या किती हे कोणी सहज सांगितले आणि ते जुळले, तर उत्तर खरे असूनही त्याला ज्ञान म्हणता येत नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या जातीचा प्रश्न एडमंड गेटियर यांच्या १९६३ च्या लेखानंतर चर्चेत आला. बॅटरी, हीटर आणि नोझल एकाच वेळी बदलून चालू झालेली जीप ही श्रीहर्षाच्या कवड्यांसारखीच आहे. फळ मिळाले, कारण कळलेच नाही.

चरकसंहितेने रोग ओळखण्याच्या पाच साधनांत ‘उपशय’ सांगितला आहे, म्हणजे लक्षणे स्पष्ट नसताना उपचार देऊन त्याने बरे वाटते की नाही यावरून रोगाची परीक्षा करणे. चांगला मिस्त्री नेमके हेच करतो, पण पहाटेच्या गारव्यात आणि एका वेळी एकच बदल करून. दुसरी बॅटरी जोडून गाडी उचलते का हे तो पाहतो. नाही तर हीटर काढून थेट बॅटरीवर लावतो आणि टोक लाल होते का हे पाहतो. तेही ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजतो, अथवा सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून कॉम्प्रेशन तात्पुरते वाढते का याची परीक्षा घेतो, कारण ऑइलने रिंगांची फट भरते, व्हॉल्व्हची भरत नाही. हे भाग बदलत सुटण्यापेक्षा संथ काम आहे आणि गिऱ्हाइकाला त्याची किंमत दिसत नाही, तरी अनुमानाला आधार देणारे काम हेच.

जुन्या गाडीत यानंतरही एक गुंता उरतो. कार्य एकट्या कारणाने घडत नसून सर्व कारणांच्या समुदायाने, म्हणजे सामग्रीने, घडते असे न्यायमत आहे. चारांपैकी एक हीटर गेलेला, बॅटरी थोडी उतरलेली, रिंगा थोड्या झिजलेल्या अशा स्थितीत कोणताही एक घटक सुधारला की जीप चालू होते, आणि सुधारलेला घटक हाच दोष होता असा भास होतो. ‘बॅटरीवर चालू झाली, पण कॉम्प्रेशन उतरलंय; यंदाची थंडी निघंल, पुढची निघणार नाही,’ असे जो मिस्त्री सांगतो, त्याने सामग्रीतील भरून निघालेला घटक आणि उणा राहिलेला घटक वेगळे केलेले असतात, आणि ते विधान पुढच्या पौषात खरे-खोटे करून पाहता येते.