ओझं कुणाचं?

आपल्या वयाच्या माणसांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: "बाकी काही नको, कुणाला ओझं व्हायला नको." मीही ते मोठ्या तोऱ्यात बोलत असे. मागणं वाईट नाही. पण ते नम्रतेतून येतं की अहंकारातून, हा प्रश्न मला पडला तो राजगड आणि तोरण्याच्या मधल्या सोंडेवर, पाय मुरगळून बसलो असताना.

2014 ची गोष्ट. सौ. गेल्याला वर्ष झालं होतं. सासवडला मी एकटा. पुण्यातला मुलगा "बाबा, आमच्याकडे या" म्हणून मागं लागलेला, आणि माझं उत्तर ठरलेलं, "माझं मला होतंय." तेच दाखवून द्यायला की काय, दत्तजयंती झाल्यावर एकट्यानं पाच दिवसांची पायी फेरी ठरवली. तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या गुंजवण्यातून राजगड, सोंडेनं तोरणा, मग भोरकडं वळून रायरेश्वर. पाठीवर चौदा किलोंची सॅक. शिधा, स्टोव्ह, अंथरूण, दोरी, सगळं. कुणाच्या दारात उभं राहायची वेळच येऊ नये, असा चोख बेत.

पहिली रात्र राजगडावर पद्मावतीच्या देवळात छान गेली. सकाळी तोंड धुवायला टाक्यावर गेलो, तेवढ्यात माकडांनी भाकरी-लाडवांची पिशवी पळवली. म्हटलं, असू दे, तांदूळ आहेत. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरलो. ही सोंड म्हणजे एका बाजूला गुंजवणीचं खोरं, दुसऱ्या बाजूला वेळवंडीचं आणि भाटघर धरणाचं पाणी. डिसेंबरात गवत वाळून कमरेएवढं होतं, वाट त्यात बुडून जाते. खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून पुढं गेलो आणि चुकलो. वाळक्या गवतावरून पाय सटकला, पाठीवरच्या वजनानं तोल गेला, घोटा मुरगळला. पाण्याची बाटली घरंगळत दरीत. मोबाईलला रेंज नाही. सूर्य तोरण्याच्या मागं उतरत चाललेला.

त्या चौदा किलोंतली पायाला गुंडाळायची पट्टी तेवढी कामी आली. बाकी सगळं घेऊन मी तासभर नुसता बसून होतो. हाक मारायचीसुद्धा लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू!

शेवटी मारलीच. म्हशी घेऊन परतणारा एक धनगर आला. त्यानं आधी माझी सॅक उचलली, मग मला. त्यांचं घर सोंडेवरच. त्याच्या घरच्या बाईंनी विचारलं, "बाबा, येकलंच निघालायसा व्हय?" हळद-मीठ गरम करून घोट्यावर लेप घातला, ताक दिलं, नाचणीची भाकरी दिली. दोन रात्री मी तिथं काढल्या.

पडल्या पडल्या अवधूताचे चोवीस गुरू आठवत होतो. त्यातली कुमारी आपल्याला ठाऊक आहे. दोन बांगड्या असल्या तरी वाजतात, एकच राहिली की आवाज थांबतो, म्हणून एकट्यानं असावं. ही गोष्ट मी आयुष्यभर माझ्या सोयीनं सांगितली. पण ती पोर बांगड्या फोडत होती कशासाठी? घरातली माणसं बाहेर गेलेली, दारात पाहुणे आलेले, त्यांच्या जेवणासाठी ती भात कांडत होती. बांगड्या वाजल्या तर घरची गरिबी पाहुण्यांना कळेल, याची तिला लाज वाटली. म्हणजे तिचं ते एकटेपण दुसऱ्याला जेवू घालताना आलेलं. माझं कुणाचं काही घ्यायला लागू नये म्हणून ओढून आणलेलं. दोन्हींना एकच नाव कसं द्यायचं?

आणि महाराज स्वतः? त्यांचं स्नान काशीला, निद्रा माहूरला, पण भिक्षा कोल्हापूरला. त्रैलोक्याचा धनी रोज झोळी पुढं करतो. टेंबे स्वामी माणगावापासून गरुडेश्वरापर्यंत अवघा देश पायी फिरले, 1914 साली नर्मदाकाठी समाधिस्थ झाले. त्यांनाही मधुकरी मागण्यात कमीपणा वाटला नाही. मग मला का वाटावा?

याचा अर्थ आता पसरून बसावं आणि सुनेनं पाणी आणून द्यावं, असा नाही हं. मधमाशीकडून अवधूत शिकला ते थोडं थोडं घ्यायला, एकाच घरावर भार न घालता. पण तिनं साठवून ठेवलेला मध तिसराच घेऊन जातो, हेही तो तिच्याकडूनच शिकला. माझ्या पिशवीला माकडं भेटली, एवढाच फरक. थोडं घ्यायचं म्हणजे किती, हे मात्र मला अजून नीटसं उमगलेलं नाही. त्या घरातले दोन दिवसांचे तांदूळ मी मोजत होतो, हेही खरं.

निघताना पैसे काढले. बाई म्हणाल्या, "पैसं कशाला? पाव्हणं म्हनून आलायसा." मी अडून बसलो. त्या हसल्या आणि नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. "भोरला लेक दिलीया. यष्टी स्टँडाव येईल. तिला द्या."

त्यांच्या मुलानं मला भुतोंड्याकडं उतरवलं. माझी सॅक त्याच्या पाठीवर, पिठाची पिशवी माझ्या मांडीवर, अशी आमची गाडी धरणाच्या पाण्याकडेनं भोरला पोचली. लेक उभीच होती. पिशवी तिच्या हातात दिली. रायरेश्वर राहिला.

मग स्टँडावरून मुलाला फोन लावला. "न्यायला येशील का रे?" म्हटलं. पलीकडं क्षणभर काहीच ऐकू येईना. मग म्हणाला, "बाबा, तिथंच बसा. निघालोच."