शिक्षकाच्या कामाचे न दिसणारे तास

प्राथमिक शिक्षकाचे काम शाळेच्या घंटेबरोबर सुरू होते आणि घंटेबरोबर संपते, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. शिक्षकाचा आठवडा मात्र किमान ४५ तासांचा धरला असून त्यात पूर्वतयारीही मोजली आहे. सहा दिवसांच्या आठवड्यात हे रोजचे साडेसात तास होतात. प्रत्यक्ष तासिका चार तासांहून अधिक असतात. तरीही पाठाचे टाचण काढणे आणि वह्या तपासणे हे कामच आहे, एवढे या हिशेबातून स्पष्ट होते. शिक्षकाची नोकरी, घर आणि मैत्री यांचा तोल याच वेळेवर अवलंबून असतो.

या वेळेची सर्वाधिक गरज जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेला असते. पहिली ते चौथीच्या चार इयत्ता दोघांत वाटल्या जातात. पहिलीची मुले अक्षरे गिरवत असताना दुसरीला वजाबाकी शिकवायची, तर दोन्हीकडची तयारी आधीच हवी. नाहीतर एक वर्ग नुसता बसून राहतो. सहकारी रजेवर गेला की चारही इयत्ता एकाकडे येतात. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई करते. पण पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त ही शाळेचीच कामे समजली जातात, आणि तयारीचा वेळ त्यांतच जातो.

मग तयारी घरी जाते. दिवसभर इतरांच्या मुलांच्या चुका शांतपणे समजून घेणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या मुलाच्या एका प्रश्नाने वैतागतो. यात मायेची उणीव नसते, दिवसाची शक्तीच संपलेली असते. नवराबायको दोघेही शिक्षक असले आणि शाळा दूरदूरच्या तालुक्यांत असल्या, तर संसार दोन ठिकाणी विभागतो. बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद आहे ती म्हणूनच.

मैत्रीचे मोल इथे कळते. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. आजही हातच्याची वजाबाकी मुलांच्या गळी कशी उतरवली, हे शेजारच्या शाळेतला मित्र डबा खाताना सांगतो, तेव्हा त्याच्या मागे स्वतःच्या वर्गाचा अनुभव असतो. आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते, त्याच्या शिक्षण परिषदेचा खरा उपयोगही अशा देवाणघेवाणीसाठी आहे.

म्हणून पूर्वतयारीला शाळेच्या वेळापत्रकातच जागा हवी, नोंदींसाठी केंद्रस्तरावर लिपिक हवा आणि परिषदेत परिपत्रकांच्या वाचनापेक्षा अध्यापनातील अडचणींना अधिक वेळ मिळायला हवा. तयारी शाळेत पूर्ण झाली, तर शिक्षकाची संध्याकाळ घराला मिळेल आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही इयत्तांच्या हाती काम असेल.