आंबट भांड्याचे झाकण

कोकणातील बेने इस्राएल हा यहुदी समाज ज्या सणाला आज ‘पेसाह’ म्हणतो, त्याचे जुने घरगुती नाव ‘अनशी धाकाचा सण’ असे होते, हे त्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. अनस म्हणजे तोंडी लावण्याचा एक आंबट द्रव. एरवी नित्य हाताशी असणारे त्याचे भांडे सणाचे आठ दिवस झाकून ठेवावयाचे, एवढाच त्या नावाचा अर्थ. मिसर देशातील दास्य, मोशेचे नेतृत्व, रातोरात झालेले प्रयाण, आणि कणीक फुगण्याइतकीही सवड न मिळाल्यामुळे तशीच भाजून घेतलेली बिनखमिराची भाकर, ही सारी कथा धर्मग्रंथांच्या अभावी या लोकांच्या स्मृतीतून पुसट झाली होती. तरी आचार उरला होता; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कथा गेली, पण भांड्यावरचे झाकण वर्षानुवर्षे ठरलेल्या दिवशी पडत राहिले.

कारण विसरले गेल्यावर उरलेल्या आचारास धर्म म्हणावे की रूढी? आगरकरांच्या निबंधांवर ज्यांची बुद्धी पोसली, त्या आम्हां महाराष्ट्रीयांस याचे उत्तर पाठ आहे: ज्या आचाराचा हेतू सांगता येत नाही, तो टाकावा. सामाजिक अन्यायाच्या बाबतीत हे उत्तर मला आजही सर्वस्वी मान्य आहे. परंतु जो आचार कोणासही पीडा देत नाही, त्याच्या बाबतीत ते अपुरे पडते असे माझे मत बनले आहे, आणि ते या झाकलेल्या भांड्यानेच बनविले. समाजात अशी परंपरा सांगतात, की दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला, तेव्हा त्याने येथील बायकांपुढे नाना जातींची मासळी ठेवली, आणि त्यांनी पर व खवले नसलेले मासे आपण होऊन बाजूस सारले, तेव्हा त्याला आपल्या लोकांची ओळख पटली. इतिहास म्हणून या परंपरेचे मोल काहीही असो, ओळखीची साक्ष तिने पंडिताच्या मुखातून न काढता स्वयंपाकिणीच्या हातून काढली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आमच्या अहमदनगरच्या इतिहासात याच प्रश्नाची दुसरी, दारुण बाजू आहे. चौल हे निजामशाहीचे बंदर, आणि त्याच किनाऱ्याच्या आसपास बेने इस्राएलांची जुनी गावे. ज्या बुऱ्हाण निजामशहाचा अंमल तेथवर पोहोचत होता, त्याच्यावर औषधोपचार करण्यासाठी गोव्याहून येथे येणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बाप्तिस्मा झालेल्या यहुदी कुळातला होता. वनौषधींवरील त्याचा विख्यात ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाने त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून त्यांचीही तीच गत केली. स्पेन-पोर्तुगालच्या त्या न्यायासनांच्या जाहीरनाम्यांत गुप्त यहुद्यांच्या ज्या खुणा सांगितल्या जात, त्यांत बिनखमिराची भाकर ही एक ठळक खूण होती. ज्याला कथा ठाऊक होती, त्याला ती लपवावी लागली. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांनी तिचा आचार उजळ माथ्याने पाळला, कारण या मुलखात त्यांच्या चुलीची झडती घेणारे कोणी नव्हते.

आता या आचाराचा गाभा पाहावा. निषेध आंबट चवीचा नाही. चिंच, आमसूल, लिंबू ही फळांची आंबटे धर्मशास्त्रास बाधत नाहीत. निषेध आहे तो गहू, जव आदी पाच धान्यांच्या आंबण्याचा, म्हणजे खरे पाहता त्यांवरून जाऊ दिलेल्या काळाचा. पिठास पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मत्सा, म्हणजे ती बिनखमिराची भाकर, भाजून निघाली पाहिजे. तांदूळ आणि बाजरीच्या जातीचे धान्य भिजले तर कुजते, पण फुगत नाही, असा निर्णय प्राचीन यहुदी आचार्यांनी तालमूदात दिला आहे. युरोपातील अनेक यहुद्यांनी पुढे सावधगिरीने तीही धान्ये या दिवसांत वर्ज्य केली, पण बेने इस्राएलांच्या ताटातून भात गेला नाही. आमच्या जिल्ह्यातील बाजरीची भाकरी, जिचे पीठ चार दिवस ठेवले तर कडवट होते आणि म्हणून बेताबेतानेच दळले जाते, ती या शास्त्राच्या दृष्टीने मूलतः निर्दोष ठरावी, याचा मला आनंद वाटतो. नारळाचे दूध (मांसाबरोबर गाईम्हशीचे दूध निषिद्ध म्हणून), हिरवी कोथिंबीर, काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत, ताजी मासळी: हा स्वयंपाक रुचकर होतो तो निषेधाला न जुमानता नव्हे, तर त्याच्यामुळेच, कारण साठविलेल्या चवीचा आधार काढून घेतला, की सुगरणीला ताज्या वस्तूकडेच वळावे लागते.

नगरातील जैन कुटुंबांतही रात्र उलटलेले, रस पालटलेले अन्न ‘चलितरस’ म्हणून अभक्ष्य मानतात; पण तेथे हेतू जीवदयेचा आहे, आणि येथे स्मरणाचा. आंबण्यास एकाने हिंसा म्हणून नकार दिला, दुसऱ्याने आपल्या पूर्वजांची घाई विसरू नये म्हणून. हे दोन नकार एक आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे होईल.

सणापूर्वी घराला सफेदी द्यावयाची, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावावयाची, ही रीत बेने इस्राएल घरांत होती. धातूचे भांडे शुद्ध करता येते. मातीच्या भांड्यात मुरलेले मात्र निघत नाही असे शास्त्र सांगते. अनसाचे भांडे मातीचे असल्यास, झाकण घालण्यावाचून दुसरा उपायच नव्हता.

पुढे हरवलेली कथाही परत आली, आणि ती मराठीत आली. १८७४ साली पुण्यात हिब्रू मजकुरासह मराठी हग्गादा, म्हणजे सणाच्या रात्री वाचावयाची कथेची पोथी, छापली गेली. तिच्यातील एका चित्रात येथल्याच वेषातील स्त्रिया मत्सा करताना दाखविल्या आहेत. त्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलात गेली, आणि तेथूनही ती ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढीत आली आहेत. ज्यांच्या घरी आजी अजूनही ‘अनशी धाकाचा सण’ म्हणत असेल, त्यांनी तिच्याजवळ बसून विचारावे, की त्या भांड्यात नेमके काय असे, ते कशाचे केलेले असे, आणि नवव्या दिवशी ते प्रथम कोण उघडीत असे. आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून ठेवावे.